जुन्या दप्तराची नवी पेटी
(चंद्रपूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर होताच आपल्यापैकी काहींनी हळूच घड्याळाकडे पाहिले, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. सर्व्हर, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचा वेग हा विषय स्नेहसंमेलनाच्या मंडपात रुक्षच वाटणार. तथापि या रुक्षपणापायी आपल्या मंडळाचा पैसा एकदा वाया गेला आहे, आणि तो घालविणारा मीच आहे. तेव्हा हिशेब देणे मला प्राप्तच आहे.

आपणांस ठाऊकच आहे की, जात वैधता प्रमाणपत्रासाठी इतर मागासवर्गातील मुलांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. कोतवाल बुकाची नक्कल, शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातील उतारा, आजोबा-पणजोबांच्या नावाचा सातबारा, असे ते कागद. त्यातही आपल्या भागाची एक अडचण आहे. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो 26 ऑगस्ट 1982 रोजी. त्यामुळे आज आरमोरीस किंवा चामोर्शीस राहणाऱ्या कुटुंबाच्या जुन्या कागदावर 'जिल्हा चांदा' असेच आढळते. यास्तव मंडळाने दोन्ही जिल्ह्यांतील सभासद कुटुंबांचे कागद स्कॅन करून चंद्रपूरच्या कार्यालयातील सर्व्हरवर ठेवले आणि गडचिरोलीच्या शाखेतून ते पाहता यावेत अशी सोय केली.

सोय झाली खरी, पण ती चालेना. प्रवेशाच्या दिवसांत शाखेत मुलीला घेऊन बसलेला बाप, समोर पडद्यावर अर्धेच उमटलेले पान आणि दारात लागलेली रांग, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे. एका कुटुंबाने तर शेवटी एस. टी. पकडून चंद्रपूर गाठले व कागद हातात घेऊन परतले. डिस्क जुनी झाली असे निदान मी केले; एका दात्याच्या देणगीतून नव्या डिस्क बसविल्या; आणि पान पूर्वीइतकेच अर्धे उमटत राहिले.

त्यानंतर 2019 च्या दिवाळीच्या सुटीत मी जे आधी करावयास हवे होते ते केले. यंत्र तेच, डिस्क त्याच, तार तीच, कागदांचा संचही तोच ठेवला. बदलली ती केवळ ऑपरेटिंग सिस्टिम. प्रथम आमच्याकडे चालू असलेली विंडोज सर्व्हर 2003, मग 2008 ची आर-2 आवृत्ती, आणि शेवटी 2019 ची, तपासणीसाठी 180 दिवस मोफत मिळणारी प्रत. तुलनेत एकच गोष्ट बदलावी हा नियम शाळेतल्या प्रयोगवहीतलाच आहे. पण घाईत सर्वप्रथम तोच मोडला जातो. दुसरी खबरदारी अशी की, एकदा वाचलेली फाइल यंत्र आपल्या स्मृतीत धरून ठेवते, म्हणून दुसऱ्यांदा मोजलेला वेग हा पुष्कळदा डिस्कचा नसतोच. प्रत्येक मोजणीपूर्वी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागले.

आता आढळले काय? कार्यालयातल्या कार्यालयात मोठी फाइल वाचताना तिन्ही आवृत्त्यांत नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. याचे कारण भिंतीवर टांगलेला जुना स्विच! तो 100 मेगाबिटचा. म्हणजे फार तर सेकंदास साडेबारा मेगाबाइट. बिट आणि बाइट यांतील हा आठपटीचा फरक विक्रेते सांगत नाहीत आणि आपण विचारीत नाही. सर्व्हर कितीही तरणाबांड असो, दार अरुंद असेल तर त्याने काय करावे?

गडचिरोलीहून मात्र चित्र पालटले. 2003 वरून 2008 आर-2 वर येताच पान चहाचा पेला रिकामा होण्याआधी उमटू लागले. हे कसे, ते थोडे विस्ताराने सांगतो.

फाइली देण्या-घेण्याच्या या भाषेला एसएमबी म्हणतात. तिच्या पहिल्या आवृत्तीने बोलणारी विंडोज यंत्रे साधारणपणे सुमारे 60 किलोबाइटचा तुकडा मागतात, तो येईपर्यंत थांबतात, मग पुढचा मागतात. पावसाळ्यात पर्लकोटा ओलांडणाऱ्या डोंग्याने एका खेपेस एकच पोते न्यावे आणि पलीकडून पावती आल्याशिवाय दुसरे भरू नये, तसा हा कारभार. नदी अरुंद असेल तोवर हे जाणवत नाही. चंद्रपूर ते गडचिरोली अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. प्रकाशाला काचेच्या तारेतून जाऊन येण्यास एक सहस्रांश सेकंदही नको. परंतु जोड सरळ नसते, दूरच्या शहरांना वळसा घालून येते. एक फेरी 40 सहस्रांश सेकंदांची धरा. सेकंदात फेऱ्या 25, माल 1500 किलोबाइट, म्हणजे 12 मेगाबिट. तुम्ही 100 मेगाबिटची जोड विकत घ्या, तिचा आठवा हिस्साच वापरला जाईल! भामरागड-एटापल्लीकडे जेथे उपग्रहाची छत्री लावावी लागते तेथे तर विचारूच नका. उपग्रह 36,000 किलोमीटर उंचीवर. मागणी वर जाऊन खाली येणार, उत्तरही तसेच. फेरीस जवळजवळ अर्धा सेकंद. सेकंदास दोन खेपा, 120 किलोबाइट.

2008 च्या सर्व्हरबरोबर आलेल्या दुसऱ्या एसएमबीने हा खाक्या बदलला. पहिलीत शंभरांहून अधिक आज्ञा होत्या, त्या 19 वर आल्या. अनेक मागण्या एकदम पाठविता येऊ लागल्या. आर-2 आवृत्तीत तर एका मागणीत एक मेगाबाइटपर्यंत माल मागण्याची मुभा मिळाली. डोंगे तेच, पण आता एकामागून एक सुटू लागले.

2008 आर-2 वरून 2019 वर जाताना वेगात मला फारसा लाभ दिसला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. 2012 पासूनच्या तिसऱ्या एसएमबीत अनेक तारा एकत्र जुंपण्याची युक्ती आहे. आमच्याकडे तार एकच! मग नवी आवृत्ती घ्यावी कशासाठी? सुरक्षिततेसाठी. 12 मे 2017 रोजी जगभर पसरलेला वॉनाक्राय हा उपद्रव पहिल्या एसएमबीतील उणिवेतूनच शिरला होता. सर्व्हर 2003 चा अधिकृत आधार 14 जुलै 2015 रोजीच संपलेला होता, आणि आम्ही तो त्यानंतरही चार वर्षे चालविला. आमचे दैव बलवत्तर, एवढेच म्हणता येईल. 2008 आर-2 चाही आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला, म्हणून मंडळाने अखेर 2019 ची आवृत्ती रीतसर विकत घेतली.

लहान फाइलींचा प्रश्न मात्र कोणत्याही आवृत्तीने पुरता सुटत नाही. प्रत्येक फाइल उघडणे, तिची माहिती विचारणे, वाचणे, मिटणे, या सगळ्या वेगवेगळ्या फेऱ्या. फाइलीमागे पाच फेऱ्या धरल्या तर उपग्रहाच्या जोडीवर हजार फाइलींना चाळीस मिनिटे केवळ वाट पाहण्यात जातात. सत्तर पानांचे पुडके न बांधता तेंदूचे एकेक पान फळीवर मोजून द्यावे, तसे ते होईल. ताडोबासह देशभर 2018 च्या व्याघ्रगणनेत 3,48,58,623 छायाचित्रे टिपली गेली. ती एकेक करून दुरून उघडणाऱ्याची काय गत होईल, याची कल्पनाच करावी! आम्ही यातून धडा घेतला आणि एका कुटुंबाची सुटी पाने एकाच फाइलीत बांधली. खर्च शून्य, आणि शाखेतील मुलांना जाणवलेला फरक नव्या डिस्कपेक्षा कितीतरी अधिक.

एक गोष्ट अजून राहिली आहे. सर्व्हर आणि मागणारे यंत्र या दोघांनाही जी समजेल तीच भाषा बोलली जाते. एक जुने असेल तर दुसऱ्यालाही जुनेच बोलावे लागते. आमचा मोठा स्कॅनर केवळ विंडोज एक्सपीवर चालतो. 2008 आर-2 ने त्या संगणकाशी जुन्या भाषेत, जुन्याच वेगाने व्यवहार केला. 2019 ने त्याला दारातच उभे केले, कारण पहिली एसएमबी तीत आपणहून बसविलेली नसते. ती मुद्दाम सुरू करावी असा सल्ला एकाने दिला होता. मी तो मानला नाही. त्या संगणकाची तार काढून ठेवली असून वसतिगृहातील विद्यार्थी रोज सायंकाळी पेनड्राइव्हवर पाने आणून, विषाणू-तपासणी करून सर्व्हरवर चढवितात. नव्या स्कॅनरचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. त्यास मंजुरी मिळेपर्यंत ज्या कुटुंबांचे कागद यावयाचे आहेत त्यांनी ते मूळ स्वरूपात, घडी न घालता, कार्यालयात आणावेत. स्कॅन होताच ते त्याच दिवशी परत केले जातील.