कोणत्या बोटीत बसावे?



वैशाखाच्या काहिलीत मी आपल्यापुढे बर्फाच्या देशातल्या समुद्राविषयी बोलावे असे चालकांनी ठरवले. यात त्यांची रसिकता आहे की माझी परीक्षा, हे व्याख्यान संपल्यावर आपणच ठरवावे. विषयाचे निमित्त मात्र अगदी घरगुती आहे. गेल्या दिवाळीत आमच्या पेठेतले एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. दोघांनीही सत्तरी ओलांडलेली. मुलाने त्यांना नॉर्वेची सफर घडवायचे मनात घेतले होते आणि तीन रंगीत माहितीपत्रके पाठवली होती. गुरुजींनी ती माझ्यापुढे पसरली आणि म्हणाले, "आयुष्यात एकदाच जाणार. यांतली कोणती बोट धरावी तेवढे सांगा."

बाई बराच वेळ गप्प होत्या. चहा झाल्यावर त्यांनी एका चित्रावर बोट ठेवले. दोन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यात उतरलेले, मध्ये एक पांढरी बोट. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे तर आमच्या कोयनेसारखेच दिसते. माझे माहेर त्या पाण्यात गेले. ते पाणी पाहायला मी अजून कधी बोटीत बसले नाही. हे त्याहून निराळे असते का?"

गुरुजींचा प्रश्न सोपा होता. बाईंचा तितका सोपा नव्हता.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर समुद्राचे लांबलचक चिंचोळे फाटे डोंगरांत शिरले आहेत. त्यांना फियोर्ड म्हणतात. फियोर्ड म्हणजे बुडालेले खोरे. हिमयुगात त्या डोंगरांवर बर्फाचे प्रचंड थर होते. ते बर्फ कणाकणाने समुद्राकडे सरकत असता खालचा खडक खरवडत गेले. नदी दरी कापते ती तळाशी निमुळती होते. हिमनदी कापते तिच्या भिंती उभ्या आणि तळ रुंद. पुढे बर्फ वितळले आणि समुद्र आत शिरला. सोग्नेफियोर्ड नावाचा सर्वांत लांब फाटा दोनशे किलोमीटरांहून थोडा अधिक आत जातो. सांगलीवरून पाखरू सरळ पुण्याला जाईल, जवळजवळ तेवढे अंतर. आणि त्याची खोली तेराशे मीटरांवर आहे. म्हणजे महाबळेश्वर समुद्राच्या जेवढे वर, साधारण तेवढा तो समुद्राच्या खाली. गंमत अशी, की तोंडाशी मात्र तो पुष्कळच उथळ. बर्फाचा जोर समुद्राजवळ ओसरला, म्हणून तेथे खडकाचा उंबरठा राहून गेला.

आपल्या कोयनेचे खोरे बर्फाने कोरलेले नाही आणि त्यात समुद्रही शिरलेला नाही. ते माणसाने बुडवले. कोयना महाबळेश्वरी उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या अलीकडे धरण झाले. १९६० नंतर खोऱ्यात पाणी चढू लागले आणि सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा शिवसागर तयार झाला. डोंगरांच्या सोंडा भूशिरे झाल्या, ओढ्यांच्या घळी लहान लहान खाड्या झाल्या. डोळ्यांना जे दिसते ते फियोर्डच्या फार जवळचे आहे. बाईंची नजर चुकली नव्हती.

आणखी एक नाते सांगतो. धरणाच्या चौथ्या टप्प्यासाठी जलाशय रिकामा न करता, तळाखालून बोगदा नेऊन, शेवटचा खडक सुरुंगाने उडवण्याचा प्रयोग मार्च १९९९ मध्ये कोयनेवर झाला. एप्रिल २०१२ मध्ये तो पुन्हा झाला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्याला 'लेक टॅपिंग' म्हटले. ही युक्ती नॉर्वेची. तेथील तळ्यांवर ती शेकडो वेळा वापरली गेली आहे. तेव्हा उत्तरेचा फियोर्ड आणि आमची कोयना यांची ओळख माझ्यामुळे होत नाही; ती पाण्याखाली केव्हाच झाली आहे.

आता त्या तीन माहितीपत्रकांकडे वळू.

पहिले होते एका महाकाय बोटीचे. प्रवासी तीनचार हजार, पोहण्याचे तलाव, नाटकगृह, जुगाराची मेजे. इंग्लंडच्या बंदरातून निघायचे, आठवडाभरात चार बंदरे करून परत. दर दिवसाच्या हिशेबाने ही सफर स्वस्त पडते, हे मान्य केले पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना रोज सामान हलवावे लागत नाही, हाही मोठा गुण आहे. पण गायरांगर नावाच्या प्रसिद्ध फियोर्डच्या टोकाशी जे गाव आहे, त्याची वस्ती अडीचशेच्या आतबाहेर. तेथे एका सकाळी तीन हजार माणसे उतरली म्हणजे काय होत असेल, याची कल्पना कास पठारावर फुलांच्या दिवसांत रविवारी गेलेल्यांना करून द्यायला नको. शिवाय इंग्लंडमधून निघणाऱ्यांना इंग्लंडचा परवाना वेगळा आणि नॉर्वेसाठी शेंगेन परवाना वेगळा काढावा लागतो. हे पत्रकात फार बारीक अक्षरांत असते. त्यातही नॉर्वेत शिरण्यापूर्वी ही बोट उत्तर समुद्र ओलांडते, आणि तो समुद्र काही कृष्णेचा डोह नव्हे.

दुसरे पत्रक किनाऱ्याच्या टपालबोटीचे होते, आणि हिच्याविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे. १८९३ साली रिशार्ड विथ नावाच्या कप्तानाने 'वेस्टरालेन' ही आगबोट त्रोन्हाइमहून उत्तरेला हामरफेस्टपर्यंत नेली. त्या काळी उत्तर किनाऱ्यावर दीपगृहे मोजकी. हिवाळ्यात तर तेथे दिवसच उगवत नाही. रात्रीची वाहतूक नियमित चालवायला दुसरे कोणी धजेना. विथ आणि त्याचा वाटाड्या यांनी होकायंत्र आणि घड्याळ घेऊन प्रत्येक वळणाची दिशा, वेग आणि लागणारा वेळ टिपून ठेवला होता. त्या टिपणांच्या भरवशावर अंधारात बोट चालू लागली. महिनोन्‌महिने वाट पाहायला लावणारे पत्र आठवड्यात येऊ लागले. पुढे हा मार्ग बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत वाढला. आज तो चौतीस बंदरे घेतो. २०२१ पासून दोन कंपन्या मिळून तो चालवतात. जाऊन येऊन अकराबारा दिवस लागतात, आणि जाताना जी बंदरे रात्री गेली त्यांतली बरीचशी येताना उजेडी येतात. या बोटीवर करमणूक फारशी नाही. मध्येच एखाद्या धक्क्यावर ती अर्धा तास थांबते, खोकी उतरतात, एखादी शाळकरी पोर दप्तर घेऊन चढते आणि पुढच्या बंदराला उतरते. माझ्या मते हीच खरी करमणूक.

मात्र एक सावधगिरी. ही किनाऱ्याची बोट आहे, फियोर्डची नव्हे. उन्हाळ्यात ती गायरांगरमध्ये शिरते, लोफोतेन बेटांपाशी हवा बरी असल्यास चिंचोळ्या त्रोलफियोर्डमध्ये डोकावते. पण सोग्नेफियोर्डच्या पोटात ती जात नाही. 'फियोर्डांची सफर' या शब्दांवर भुलू नये, नकाशावर बोट कोठून जाते ते पेन्सिलीने काढून पाहावे. आणि स्तादसारख्या ठिकाणी बेटांचा आडोसा सुटतो, तेथे ती चांगलीच डोलते.

तिसरे पत्रक सर्वांत साधे होते, म्हणून गुरुजींनी ते खाली ठेवले होते. त्यात मोठी बोटच नव्हती. बर्गनहून आगगाडीने डोंगरावर जायचे, मिरदाल येथे गाडी बदलून वीस किलोमीटरांच्या उतरणीने फ्लोम गावी उतरायचे, आणि तेथून दोन तासांच्या लहान बोटीने नॅरोयफियोर्डमधून गुद्वांगेनला. हा फियोर्ड अगदी चिंचोळ्या जागी अवघा अडीचशे मीटर रुंद आहे. २००५ पासून तो आणि गायरांगर जागतिक वारसा आहेत. येथील बोट विजेवर चालते. इंजिनाची धडधड नाही, त्यामुळे धबधबा ऐकू येतो. धुराचा प्रश्न तेथील सरकारने मनावर घेतला असून, या वारसा फियोर्डांत लहान प्रवासी बोटींना २०२६ पासून धूर न सोडता चालण्याचे बंधन घातले आहे. मोठ्या बोटींना २०३२ पर्यंत मुदत दिली आहे. मोठ्यांना मुदत अधिक, ही रीत सर्वत्र सारखीच दिसते.

मी गुरुजींना तिसरे पत्रक घ्या म्हटले, आणि पैसे उरले तर टपालबोटीचे दोनतीन दिवस त्याला जोडा. जायचे तर मेअखेर ते जून. तेव्हा वरचे बर्फ वितळत असते आणि धबधबे भरलेले असतात. आपल्याकडे ठोसेघर जसे श्रावणभाद्रपदात. उत्तर टोकाला त्याच दिवसांत मध्यरात्री सूर्य दिसतो. उत्तरेचा रंगीत प्रकाश पाहायचा तर मात्र अंधाराचे महिने हवेत. दोन्ही एकाच सफरीत दाखवू म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा. खोलीला सज्जा हवा म्हणून दुप्पट पैसे देऊ नयेत. ते पैसे उबदार कपड्यांत घालून उघड्या डेकवर बसावे. बर्गनचा पाऊस प्रसिद्ध आहे, पण महाबळेश्वरचा आषाढ पाहिलेल्याला त्याचे भय वाटू नये.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. बोट निवडताना आपण देखावा पाहतो, जेवण पाहतो. किती माणसे घेणार आणि कोणत्या हवेत सुटणार हे विचारत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' भर पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. सांगलीकरांना तर इतके मागे जायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली. जीव वाचवायला बसलेली माणसे होती ती. म्हणून सांगतो, सहलीला गेलेल्या माणसाने तरी छातीला जाकीट बांधायला लाजू नये, आणि बोटवाला 'आणखी दोघे बसतील' म्हणाला तर आपण उतरावे.

बाईंच्या प्रश्नाला मी एवढेच म्हणालो, की नॉर्वेला जाण्याआधी आपले पाणी पाहून या. तेथेही निवड करावी लागते. तापोळ्याला सोळशी आणि कांदाटी येऊन मिळतात, पाणी रुंद आहे, आणि सुटीच्या दिवसांत वेगाच्या बोटींचा गलका असतो. साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीला उतरले, की वासोट्याच्या बाजूचा भाग लागतो. तेथे डोंगर जवळ येतात, अरण्य पाण्यापर्यंत पोचते. वासोट्याला जायचे तर वनखात्याची परवानगी काढावी लागते आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे लागते. सकाळची पहिली, हळू चालणारी लाँच घ्यावी. दिवाळीनंतर पाणी भरलेले असते. ज्याला वेळ आहे त्याने पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जावे. पोफळीच्या वीजघरातून निघालेले कोयनेचे पाणी तेथे वाशिष्ठीत मिळते आणि दाभोळच्या खाडीने समुद्राला जाते. पूर्वी मुंबईच्या आगबोटीचे उतारू दाभोळला पडावात उतरत आणि भरतीच्या पाण्यावर गोवळकोटपर्यंत येत. आता दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे, तिला तिकडे जंगलजेटी म्हणतात. ती गाड्याही नेते आणि मासळीच्या टोपल्याही. फियोर्डला खडकाचा उंबरठा असतो, आमच्या खाड्यांना वाळूचा.

मार्गशीर्षात ती दोघे बामणोलीला गेली. मीही बरोबर होतो. बाईंच्या माहेरच्या माणसांना सांगली जिल्ह्यात जमिनी मिळाल्या होत्या. त्या वेळी त्या आठनऊ वर्षांच्या. लाँचमध्ये त्या पुढे बसल्या आणि एकेका डोंगराचे नाव घेऊ लागल्या. डोंगर चुकत नव्हते, फक्त ते बुटके झाले होते. गायरांगरच्या कड्यांवर ओसाड पडलेली शेतघरे आहेत. तेथे बोटी थांबतात, वाटाड्या त्यांच्या कथा सांगतो. आमच्या लाँचला थांबण्यासारखे पाण्यावर काही दिसत नव्हते. एका सोंडेच्या वळणावर बाईंनी हात वर केला. बोटवाल्याने काही न विचारता इंजिन बंद केले. त्याची आजीही त्याच पाण्याखालच्या गावची, हे त्याने मला नंतर सांगितले. बाईंनी पिशवीतून खण, नारळ आणि तांदूळ काढून पाण्याची ओटी भरली आणि बोटवाल्याला विचारले, "हितं खोल किती असंल, दादा?"

"देवळाचा कळस बुडून वर दोन पुरुष पाणी असंल, आजी," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने त्याने इंजिन सुरू केले.

गुरुजींनी नॉर्वेची तिकिटे काढली आहेत. जूनमध्ये जातील. पत्रक तिसरेच घेतले.