मोजणीबाहेर राहिलेले श्रम



स्त्री-पुरुष समतेचा ठराव सभेत मांडला गेला, तर त्याला विरोध करणारे आज सहसा कोणी आढळत नाही. ठराव एकमताने संमत होतो आणि अडचण त्यानंतर सुरू होते. जमिनीचा पट्टा कोणाच्या नावे करावयाचा, हजेरीपटावर कोणाचे नाव चढवावयाचे, शिरगणतीच्या तक्त्यात कोणाला कामकरी म्हणावयाचे, हे ठरविण्याची वेळ आली की ‘कुटुंब’ हा शब्द पुढे येतो आणि त्या शब्दाआड स्त्री दिसेनाशी होते. हा पडदा दूर सारण्याचे काम गेल्या पन्नास वर्षांत ज्या अभ्यासक स्त्रियांनी संशोधन आणि प्रशिक्षण या मार्गाने केले, त्यांच्या कार्याचा कष्टकऱ्यांच्या चळवळीशी कोणता संबंध आहे, हा आजचा विषय आहे.

भारतातील स्त्रियांच्या दर्जाची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने १९७१ साली समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा होत्या आणि पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. कायद्याच्या प्राध्यापिका लोतिका सरकार आणि कामगार चळवळीतील मणिबेन कारा तिच्या सभासद होत्या. १९७४ च्या अखेरीस ‘समानतेकडे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल तयार झाला. राज्यघटनेने समतेचा हक्क देऊन तेव्हा जवळजवळ पाव शतक लोटले होते. परंतु दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ असलेले स्त्रियांचे प्रमाण १९७१ साली ९३० वर उतरले होते. खाणी, ताग आणि कापड या धंद्यांतून स्त्री-कामगार मागे रेटल्या जात होत्या. देशाचा विकास झाला की समता आपोआप येते, हा सोयीचा समज या आकड्यांनी मोडून काढला.

अहवाल कपाटात पडून राहिला नाही, यामागे काही संस्थांचे परिश्रम आहेत. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांनी १९७४ साली स्त्रीविषयक संशोधनाचे केंद्र उभारले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग केलेले जे. पी. नाईक भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे सूत्रधार होते. त्यांनी वीणा मजुमदार यांच्याकडे परिषदेचा स्त्री-अभ्यासाचा कार्यक्रम सोपविला. १९८० साली दिल्लीत स्त्री-विकास अध्ययन केंद्र स्थापन झाले आणि मजुमदार त्याच्या पहिल्या संचालिका झाल्या.

परंतु या संशोधनाची खरी कसोटी दिल्लीत लागली नाही. ती पश्चिम बंगालमधील बांकुडा जिल्ह्यात लागली.

त्या राज्यात डाव्या आघाडीच्या सरकारने १९७८ पासून बर्गादारांची, म्हणजे बटाईने जमीन कसणाऱ्या कुळांची, नोंदणी हाती घेतली होती. अतिरिक्त जमिनीचे वाटपही चालू होते. भूमिसुधारणामंत्री बिनय चौधरी यांच्या पुढाकाराने १९८० साली झिलिमिली येथे शेतमजूर स्त्रियांचे शिबीर भरले. त्यातील बहुतेक आदिवासी होत्या. जंगल तुटले, रानातली उपजीविका संपली, म्हणून वर्षातून अनेकदा पोराबाळांसह सखल भातशेतीच्या मुलखात मजुरीसाठी जाणाऱ्या या स्त्रिया होत्या. त्यांना शिकविण्याच्या हेतूने शिबीर योजिले होते. प्रत्यक्षात त्यांनीच शिकविले. सरकार जमीन वाटते, तेव्हा पट्ट्यावर आमचे नाव का नसते, आम्ही शेतकरी नव्हे काय, नवऱ्याने उद्या घराबाहेर काढले तर आमच्या हाती काय उरते, असे त्यांनी विचारले.

हा प्रश्न जमीनदाराने दडपलेला नव्हता. कष्टकऱ्यांचा कैवार घेणाऱ्या राजवटीच्या कागदपत्रांतही तो सुटून गेला होता, कारण पट्टा कुटुंबप्रमुखाच्या नावे करण्याची रीत कोणी तपासलीच नव्हती. सहाव्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यात पती-पत्नींच्या संयुक्त नावाने जमीन देण्याचे धोरण नमूद झाले, त्यात अशा प्रश्नांचा मोठा वाटा होता. बांकुड्यातील स्त्रिया मात्र योजनेची वाट पाहत बसल्या नाहीत. त्यांनी आपल्या समित्या स्थापन केल्या, पडीक जमीन मिळविली, तीवर अर्जुन व आसन ही झाडे लावून टसर रेशमाचे किडे पोसले. संशोधक त्यांच्यासोबत वर्षानुवर्षे राहिल्या आणि हिशेब, व्यवस्थापन, सरकारी दप्तराची ओळख यांचे प्रशिक्षण देत-घेत राहिल्या.

दुसरे उदाहरण शिरगणतीचे आहे. “काय काम करता?” असे विचारले की दिवसभर शेतात राबलेली बाई सांगते, “काही नाही, घरीच असते.” बहुधा उत्तर देणारा पुरुषच असतो आणि तोही तेच सांगतो. गणनेदार ‘काम नाही’ असे लिहून पुढे जातो. स्त्री-अभ्यासकांनी हा दोष दाखवून दिल्यावर १९९१ च्या शिरगणतीत कामाच्या प्रश्नातच शेतावरील व घरधंद्यातील बिनमोबदला कामाचा स्पष्ट उल्लेख झाला. गणनेदारांच्या प्रशिक्षणातही या मुद्द्यावर भर देण्यात आला. १९८१ साली शेकडा १९.७ असलेले स्त्रियांच्या श्रमसहभागाचे प्रमाण १९९१ साली २२.३ नोंदले गेले. प्रश्न नीट विचारला, म्हणजे आधीपासून होत असलेले श्रम कागदावर दिसू लागतात.

तरीही पुष्कळ श्रम अद्याप अंधारात आहेत. २०२४ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीप्रमाणे बिनमोबदला घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते; असे काम करणारा पुरुष ८८ मिनिटे देतो. ग्रामीण भागातील कामकरी स्त्रियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीत राबतात. परंतु २०१५-१६ च्या कृषिगणनेत स्त्रियांच्या नावे असलेली वहिवाट शेकडा १४ च्या घरातच होती. जिच्या नावे जमीन नाही, तिला पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही आणि शेतकरी म्हणून मान्यताही नाही.

आज समतेच्या प्रशिक्षणाचा एक धंदाही झाला आहे. कचेरीत अर्ध्या दिवसाचे व्याख्यान होते, सह्या घेतल्या जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि मजुरीतील तफावत होती तशीच राहते. अशा प्रशिक्षणाने मालकाचे काही बिघडत नाही. मात्र त्यावरून संशोधनच निरुपयोगी ठरविणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. आकड्यांच्या आधारावाचून चळवळ अर्ध्या कष्टकऱ्यांना ओळखू शकत नाही, आणि संघटनेवाचून आकड्यांना हात-पाय फुटत नाहीत.

येत्या शिरगणतीचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. दिल्ली असो, इंदूर असो की सोलापूर, पक्षसभासदांसमोर त्यामुळे एक ठोस काम उभे आहे. वस्तीत आणि गावात स्त्रियांच्या बैठका घेऊन शेतातले, गोठ्यातले, घरधंद्यातले काम हे कामच आहे आणि ते तसेच नोंदविले गेले पाहिजे, हे समजावून द्यावे. उत्तर स्त्रीने स्वतः द्यावे, असा आग्रह धरावा. शेतमजूर संघटनेच्या प्रत्येक शाखेने आपल्या भागातील किती पट्टे व सातबारे स्त्रियांच्या नावे आहेत, याची पाहणी करावी आणि मिळालेला आकडा प्रथम त्या स्त्रियांच्याच सभेत वाचून दाखवावा. झिलिमिलीच्या स्त्रियांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अद्याप पूर्ण झालेले नाही; ते पूर्ण करणे हे वर्गलढ्याचेच काम होय.