खारें पाणी आणि विजेची ओढ

कृष्णाकांठची काळी जमीन उदार खरी. पण तिच्या उदारपणासहि सीमा आहे. वाळवें तालुक्यांतील आष्ट्याच्या परिसरांत उसास पाटानें भरपूर पाणी पाजलें जातें. काळ्या मातींतून तें लवकर निचरत नाहीं. जमिनींतील पाण्याची पातळी वर येते, ऊन तें पाणी उडवून नेतें आणि क्षार तेवढे वर उरतात. अशा पांढऱ्या पडलेल्या रानास शेतकरी ‘क्षारपड’ म्हणतो. हें मीठ विहिरींत उतरलें म्हणजे शेताचा प्रश्न घागरीपाशीं येतो.

पाण्यांतून मीठ काढावयाचें कसें? वाफ धरावी तर मूठभर मिठासाठीं सगळें पाणी उकळावें लागतें. दाबानें पडद्यांतून गाळावें, तर घरोघरच्या यंत्रांचा अनुभव असा कीं बरेंच पाणी मोरींत जातें. तिसरा मार्ग विजेचा. त्यास इलेक्ट्रोडायलिसिस म्हणतात.

मीठ विरघळलें कीं त्याचे विद्युत्-भारित कण होतात. सोडियमचे धन, क्लोराइडचे ऋण. पाण्याच्या दोन बाजूंस विजेच्या पट्ट्या ठेविल्या म्हणजे हे कण विरुद्ध दिशांस ओढले जातात. मध्यें दोन जातींचे पडदे आळीपाळीनें उभे करितात. एक धन कणांसच वाट देतो, दुसरा ऋण कणांस. त्यामुळें एक कप्पा अळणी होतो, शेजारचा अधिक खारट.

येथें ओढलें जातें तें मुख्यतः मीठ, पाणी नव्हे. म्हणून विजेचा खर्च काढावयाच्या मिठाच्या मानानें येतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्याचें भारतीय प्रमाण लिटरास ५०० मिलिग्रॅम आहे; दुसरा झराच नसेल तेथें २००० पर्यंत चालवून घेतात. यावरून ही रीत समुद्रापेक्षां मचूळ विहिरीस अधिक मानवते, हें उघड आहे.

तरी तिच्यांत सुधारणेस जागा होती. पाणी अळणी होऊं लागलें कीं त्यांतून वीज नीट वाहत नाहीं. तीच वीज रेटली तर ती पाणी फोडण्यांत वाया जाते. म्हणून कप्पे अरुंद करावे आणि टप्प्याटप्प्यानें वीज बेताची द्यावी. पडद्यांवर चुन्याचें कीट बसतें. थोड्या थोड्या वेळानें पट्ट्यांचे धन-ऋण पालटले कीं तें सुटतें. जळगांवची जैन इरिगेशन ही कंपनी व अमेरिकेंतील एम. आय. टी. ही संस्था यांनीं मिळून सौर विजेवरील असें यंत्र रचिलें. २०१५ साली त्यास अमेरिकेंतील स्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळालें. विजेच्या ओढीनें जंतु निघत नाहींत. त्यांसाठीं तेथें अतिनील किरण योजिले होते.

परंतु यंत्र मीठ नाहींसें करीत नाहीं. तें केवळ एका कप्प्यांतून दुसऱ्यांत नेतें. तो खारट कप्पा ओढ्यांत रिता केला, तर एका घरची घागर गोड होईल आणि शेजाऱ्याचें रान पांढरें पडेल. तें पाणी अस्तर घातलेल्या उथळ तळ्यांत सुकविणें हाच प्रामाणिक मार्ग. रानाचा रोग मात्र यंत्रानें बरा होणार नाहीं. त्यास जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालून निचरा हवा आणि उसास मोजकें पाणी. घागरीस वीज तारील; रानास संयमच तारील.