लोकसभेतील एक दिवस आणि तंजावरची एक संस्था

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आणि अभ्यासदौऱ्यानिमित्त महाराष्ट्रातून तंजावर येथे आलेल्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल आपण सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते पाहिलीत. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख वाचण्याचाही आपणांपैकी अनेकांनी प्रयत्न केला. आज मी याच शहरातील अशा एका संस्थेविषयी बोलणार आहे, जिच्याकडे पर्यटक सहसा वळत नाहीत. ही संस्था पुदुकोट्टै रस्त्यावर आहे. राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था असे तिचे लांबलचक नाव असून व्यवहारात तिला ‘निफ्टेम, तंजावर’ म्हणतात. या संस्थेचे भवितव्य लोकसभेत सोमवार, दिनांक २६ जुलै २०२१ रोजी निश्चित झाले. संसदेत कायदा कसा होतो, हे पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून समजते तितकेच समजते. एक प्रत्यक्ष दिवस हाती धरला की आकृतीतील बाणांमागे काय दडलेले असते ते ध्यानात येते. म्हणून हा दिवस मी निवडला आहे.

प्रथम संस्थेची पूर्वपीठिका. कावेरीच्या या खोऱ्यात परंपरेने १२ जूनला मेट्टूर धरणातून पाणी सोडले जाते आणि कुरुवै हंगामाचा भात लावला जातो. हे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणीस येते आणि नेमक्या त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस दाराशी येऊन ठेपतो. महाराष्ट्रातील आपल्या शेतकऱ्याचा पाऊस तोवर परतीच्या वाटेवर असतो. येथे तो सुरू होत असतो. परिणामी भात ओला असतानाच घरात अथवा खरेदी केंद्रावर येतो. शेतकरी तो डांबरी रस्त्यावर पसरून वाळवितात. ओलावा राहिला की दाणा काळवंडतो, त्याला कोंब फुटतो आणि शासकीय खरेदीत तो नाकारला जातो. या ओल्या भाताचे करावयाचे काय, या अगदी व्यावहारिक प्रश्नातून १९६७ मध्ये तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील तिरुवारूर येथे, एका आधुनिक भात गिरणीच्या आवारात, छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. तीच पुढे भात प्रक्रिया संशोधन केंद्र झाली, तंजावरला आली, भातासोबत भरडधान्ये, कडधान्ये व तेलबिया यांचाही अभ्यास करू लागली, आणि २०१७ पासून भारतीय अन्न प्रक्रिया तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

आता आपण विचाराल, संशोधन चालू होते, विद्यार्थी शिकत होते, मग संसदेच्या कायद्याची आवश्यकता काय? याचे उत्तर विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ मध्ये आहे. केंद्रीय वा राज्य कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने कायद्याने विशेष अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. तंजावरच्या संस्थेचे पदवी अभ्यासक्रम तमिळनाडू कृषी विद्यापीठाशी संलग्न होते, तर हरियाणातील सोनिपतजवळच्या कुंडली येथील तिची भगिनी संस्था अभिमत विद्यापीठ होती. दोघींनाही स्वतःच्या नावाने पदवी देण्याचा आणि अभ्यासक्रम स्वतः आखण्याचा पूर्ण अधिकार द्यावयाचा, तर त्यांना ‘राष्ट्रीय महत्त्वाची संस्था’ घोषित करणे हा मार्ग होता. सातव्या अनुसूचीतील संघ सूचीची ६४ वी नोंद यासाठीच आहे. भारत सरकारच्या अर्थसाह्याने चालणाऱ्या वैज्ञानिक वा तांत्रिक शिक्षणाच्या संस्थांना राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरविण्याचा अधिकार ती संसदेला देते, आणि तोही ‘कायद्याने’. मंत्रालयाच्या आदेशाने हे होत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत २५ व्या नोंदीत आले. परंतु ती नोंद संघ सूचीतील ६३ ते ६६ या नोंदींच्या अधीन आहे, हे परीक्षेत बहुतेक जण विसरतात.

विधेयकाचा प्रवास मोठा उद्बोधक आहे. अन्न प्रक्रिया उद्योग मंत्री हरसिमरत कौर बादल यांनी ते १३ फेब्रुवारी २०१९ रोजी राज्यसभेत मांडले. सोळाव्या लोकसभेच्या अखेरच्या अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस. पुढे मे महिन्यात ती लोकसभा विसर्जित झाली. हेच विधेयक लोकसभेत मांडले गेले असते, तर ते तेथेच व्यपगत झाले असते. परंतु राज्यसभेत प्रलंबित असलेले आणि लोकसभेने संमत न केलेले विधेयक लोकसभेच्या विसर्जनाने व्यपगत होत नाही, असे घटनेच्या अनुच्छेद १०७ चा चौथा खंड सांगतो. त्यामुळे ते जिवंत राहिले. १५ मार्च २०२१ रोजी राज्यसभेत त्यावर चर्चा झाली, नरेंद्रसिंह तोमर यांनी उत्तर दिले आणि सभागृहाने ते संमत केले. दोन वर्षे उलटल्यामुळे विधेयकाच्या नावातील २०१९ चे २०२१ करावे लागले आणि अधिनियमन सूत्रातील प्रजासत्ताकाचे वर्षही बदलावे लागले. अशा औपचारिक दुरुस्त्यांकडे पाहून विधेयकाचे वय ओळखण्याची सवय लावून घ्यावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

आता तो २६ जुलैचा सोमवार. पावसाळी अधिवेशन १९ जुलैला सुरू झाले होते. पेगासस प्रकरण व कृषी कायदे यांवर चर्चा व्हावी म्हणून विरोधी सदस्य घोषणा देत होते आणि सभागृह वारंवार तहकूब होत होते. त्या गदारोळातच नवे मंत्री पशुपतिकुमार पारस यांनी हे विधेयक विचारार्थ मांडले. दुसऱ्या वाचनात खंडवार विचार अपेक्षित असतो; खंडांचे गट करून ‘विधेयकाचा भाग व्हावेत’ असा प्रश्न पीठासीन अधिकाऱ्यांनी ठेवला आणि आवाजी मतदानाने, सविस्तर चर्चेविना, विधेयक संमत झाले. त्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचे फॅक्टरिंग नियमन (सुधारणा) विधेयकही तसेच मंजूर झाले. त्या संपूर्ण अधिवेशनात लोकसभेचे कामकाज अपेक्षित ९६ तासांपैकी केवळ २१ तास १४ मिनिटे झाले.

येथे दोन टोकाच्या प्रतिक्रिया ऐकू येतात. काही म्हणतात, कायदा चांगला असेल तर चर्चेवाचून काय अडले? दुसरे म्हणतात, चर्चेविना झालेला कायदा हा कायदाच नव्हे. मला दोन्ही पटत नाहीत. घटनेच्या दृष्टीने तो कायदा पूर्णतः वैध आहे; मतविभाजनाची मागणी होऊन ते पार पडले नाही तोवर आवाजी मतदान पुरेसे ठरते. शिवाय राज्यसभेने चार महिन्यांपूर्वी त्यावर चर्चा केलेली होती आणि फॅक्टरिंगच्या विधेयकावर अर्थविषयक स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिलेला होता. दोन सभागृहे आणि समिती पद्धती यांचा उपयोग अशा वेळी कळतो. एका ठिकाणी न झालेले काम दुसरीकडे झालेले असते. तथापि म्हणून लोकसभेतील उणीव भरून निघते, असे मात्र नाही.

काय राहून गेले, ते सांगतो. ज्या मतदारसंघांतून ओला भात येतो, तेथील प्रतिनिधी लोकसभेत बसतात. पदव्या देणारी संस्था झाल्यावर तिचे लक्ष प्रवेश, परीक्षा आणि नोकऱ्यांकडे वळणार, हे स्वाभाविक आहे. मग रस्त्यावर भात वाळविणाऱ्या शेतकऱ्यासाठी चालणारे संशोधन व विस्तारकार्य यांचा वाटा किती राहणार, हा प्रश्न विचारला गेला असता तर मंत्र्यांचे उत्तर अधिकृत वृत्तांतात कायमचे नोंदले गेले असते. संस्थेचे परिनियम करताना नियामक मंडळास ते उत्तर सहजी डावलता आले नसते. (विद्यापीठीय कायद्यांतील ‘अध्यादेश’ आणि अनुच्छेद १२३ चा अध्यादेश एकच नव्हेत, हे जाता जाता लक्षात ठेवा.)

फॅक्टरिंगचे उदाहरण तर याहून बोलके आहे. समजा, येथील एखादा लघुउद्योजक भात वाळविण्याची यंत्रे बनवून मोठ्या कंपनीस विकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाप्रमाणे त्याला फार तर ४५ दिवसांत पैसे मिळावयास हवेत. व्यवहारात ते पुष्कळदा रखडतात. तोवर कामगारांचे पगार द्यावयाचे आणि पोलाद विकत घ्यावयाचे कशातून? अशा वेळी तो आपली येणी काही कसर सोसून वित्तीय संस्थेस विकतो आणि रोख रक्कम लगेच मिळवितो. हेच फॅक्टरिंग. २०११ च्या कायद्यानुसार ज्या बिगर बँकिंग वित्तीय कंपन्यांचा हा मुख्य व्यवसाय आहे, अशांनाच तो करता येई. सुधारणेने ती अट काढली. मात्र कोणत्या कंपन्यांना कोणत्या शर्तींवर मुभा द्यावयाची, हे रिझर्व्ह बँकेच्या विनियमांवर सोपविले. जानेवारी २०२२ मध्ये विनियम आले तेव्हा, ठेवी न स्वीकारणाऱ्या आणि किमान १,००० कोटी रुपये मालमत्ता असलेल्या गुंतवणूक व पतपुरवठा कंपन्या, अशी मर्यादा घालण्यात आली. पात्र कंपन्यांची संख्या ७ वरून १८२ वर जाईल, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले. वाढ मोठी आहे, यात शंका नाही, आणि सावधगिरीही मला योग्यच वाटते. परंतु देशात बिगर बँकिंग वित्तीय कंपन्या हजारोंच्या संख्येत आहेत. दार किती उघडावयाचे हा खरा आर्थिक निर्णय विनियमात झाला. त्यावर सभागृहाचे मत काय, हे २६ जुलैच्या वृत्तांतात शोधून सापडणार नाही.

चर्चेला मी इतके महत्त्व का देतो, याचे एक कारण याच शहरात आहे. १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्यासह त्यांची मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू मान्य झाली. परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की, हे शासनसत्तेचे कृत्य असून ते न्याय्य की अन्याय्य हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना नाही. राज्यकर्त्याला कारण सांगण्याची गरजच नव्हती. आजच्या मंत्र्याला विधेयकासोबत उद्दिष्टे व कारणे यांचे निवेदन जोडावे लागते, आणि सदस्याने विचारले तर उत्तरही द्यावे लागते. मात्र त्यासाठी विचारणारा जागेवर हवा आणि त्याचा आवाज ऐकू येण्याइतकी सभागृहात शांतता हवी. यातील दोष एकाच बाकावर टाकता येईल, असे मला वाटत नाही.

ओल्या भाताचा प्रश्न मिटलेला नाही. शासकीय खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १७ टक्के असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने तमिळनाडूसाठी ती १९ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. हा प्रशासकीय निर्णय होता, त्याला कायदा लागला नाही. उद्या सकाळी आपण संस्थेत जाणार आहोत. तेथे वर्गखोल्या व वसतिगृहे पाहण्यापूर्वी वाळवणयंत्रांची चौकशी करू, आणि ती शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत कितपत पोहोचली आहेत, हे तेथील शास्त्रज्ञांनाच विचारू.