हुकूमनाम्याची नक्कल आपल्या घरात हवी

(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज मी एकाच कागदाबद्दल बोलणार आहे. तो म्हणजे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कागदासाठी सगळ्यांना गोळा करायचं काय कारण? तर आधी एका बहिणीची हकिगत ऐका.

धारूरच्या डोंगरपट्ट्यातली ही बाई. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होती. मार खाल्ला, मग माहेरी आली, कोर्टात गेली. सहा वर्षांपूर्वी निकाल लागला. वकील म्हणाले, ‘झालं तुमचं, आता या.’ ती घरी आली. हातात कागद एकही नाही. कुणी दिला नाही आणि मागायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नाही.

2025 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी निघाली. नवऱ्याचा नाही तर वडिलांचा आधार क्रमांक द्यायचा होता. वडील वारलेले, नवऱ्याशी संबंध संपलेला. पुढे सरकारने सवलत दिली की अशा बायकांनी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा. आता हा आदेश आणायचा कुठून? एका कार्यालयात तिला सांगितलं, वकिलाला घेऊन या. वकील गाव सोडून गेलेले. दुसऱ्या खिडकीवर विचारलं, प्रकरणाचा नंबर काय? तो तिला ठाऊक नव्हता. चार खेपा झाल्या. चार दिवसांची मजुरी बुडाली, वर एसटीचं भाडं. शेवटी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘ताई, कोर्टानं मला मोकळं केलं, पण मी मोकळी झाले हे मला कुणाला दाखवताच येत नाही.’

बायांनो, आपण भांडण जिंकतो आणि पावती तिथंच विसरून येतो. आजचं बोलणं त्या पावतीबद्दल आहे.

प्रमाणपत्र कुठे मिळतं?

कार्यालयात ‘घटस्फोटाचं प्रमाणपत्र’ मागतात, म्हणून बाया तहसीलला जातात, ग्रामपंचायतीत जातात, नोटरीकडे जातात. लग्नाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, तसं घटस्फोटाचं वेगळं प्रमाणपत्र यांपैकी कुणीही देत नाही. कोर्टाचा हुकूमनामा हाच पुरावा. ज्या कोर्टाने निकाल दिला त्याच कोर्टातून त्याची नक्कल मिळते. कौटुंबिक न्यायालयात निकाल झाला असेल तर तिथून, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे झाला असेल तर तिथून. प्रकरण जुनं असेल तर कागद जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात गेलेले असू शकतात. म्हणून आधी विचारायचं की रेकॉर्ड कुठे आहे.

इथे दुसरा एक घोळ आहे. आपल्याकडे अजून बाँडवर सोडचिठ्ठी लिहितात. पंच बसतात, दोन्हीकडचे अंगठे होतात, ‘आजपासून आमचा संबंध नाही’ असं लिहितात आणि फारकत झाली म्हणतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे, हे खरं. पण त्या जातीत तशी रूढी पूर्वापार चालत आली आहे, हे कोर्टापुढे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. बाँडपेपर विकत घेतला म्हणून रूढी सिद्ध होत नाही. ती सिद्ध झाली नाही तर कायद्याच्या नजरेत ती बाई अजून त्याची बायकोच असते. त्याने दुसरं लग्न केलं असेल तर तो गुन्हा ठरू शकतो. पूर्वी हे कलम 494 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 82 आहे. आणि तिने दुसरं लग्न केलं असेल तर हीच तलवार तिच्याही मानेवर लटकते. म्हणून अशी चिठ्ठी घेऊन कुणी आली तर ‘तुझं झालंय’ असं म्हणू नका. दोघांची तयारी असेल तर परस्पर संमतीचा अर्ज करा. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. मधली सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आहे.

बौद्ध भगिनींनाही हिंदू विवाह कायदाच लागू आहे. मुस्लिम भगिनींना 1939 च्या कायद्याने कोर्टात जाऊन निकाह संपवून घेता येतो आणि त्या हुकूमनाम्याचीही नक्कल मागता येते. एका दमात दिलेला तीन तलाक 2019 च्या कायद्याने रद्दबातल आहे. तो कागदावर लिहून दिला तरी त्याला घटस्फोटाचा पुरावा समजू नका.

पहिली नक्कल फुकट

आता सगळ्यात महत्त्वाचं. वहीत लिहून घ्या. हिंदू विवाह कायदा, कलम 23, पोटकलम 4. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की कोर्टाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची आहे. 1976 च्या दुरुस्तीपासून ही तरतूद आहे. विशेष विवाह कायद्यातही तशीच आहे. कुणाच्या मेहेरबानीचा यात प्रश्न नाही. तरी किती जणींच्या हातात ती पडते, हे तुमच्या तुमच्या गावात विचारून बघा.

दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे निकालानंतर पंधरा दिवसांत हुकूमनामा तयार व्हावा, असं आहे. म्हणून निकालाच्या दिवशीच विचारायचं, ‘माझी फुकटची प्रत कधी मिळेल?’ वकील असेल तर वकिलाला विचारा. सोबत कार्यकर्ती असेल तर तिने विचारावं.

आणखी प्रती लागल्या, किंवा जुन्या निकालाची हवी असली, तर नकलेचा अर्ज करायचा. स्वतः पक्षकार असलेली बाई हा अर्ज स्वतः करू शकते, वकील असलाच पाहिजे असं नाही. अर्ज मराठीत चालतो. त्यात लिहायचं: कोर्टाचं नाव, प्रकरणाचा नंबर आणि वर्ष, दोघांची नावं, निकालाची तारीख आणि कशाची नक्कल हवी. त्यावर कोर्ट फीचं तिकीट लागतं आणि नकलेचे पैसे पानांच्या हिशोबाने भरावे लागतात. किती ते नक्कल विभागात विचारा आणि पावती घ्या. पावतीशिवाय पैसा देऊ नका.

नंबर माहीत नसेल तर घाबरू नका. जुनी नोटीस, समन्स, वकिलाची चिठ्ठी, काहीही शोधा. त्यावर नंबर असतो. अलीकडच्या प्रकरणांना सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्टच्या संगणकावर पक्षकाराच्या नावानेही शोधता येतं. नाव इंग्रजीत कसं टाकलंय त्यावर सापडणं अवलंबून असतं, म्हणून दोन-तीन तऱ्हेने टाकून बघा, माहेरच्या आडनावानेही बघा. पण ध्यानात ठेवा, तिथून छापून काढलेला कागद माहितीपुरता. सही-शिक्क्याची नक्कल ती नव्हे.

काही कार्यकर्त्या माहिती अधिकारात अर्ज टाकतात. उत्साह चांगला आहे, पण इथे तो रस्ता चालत नाही. कोर्टाच्या प्रकरणातली नक्कल उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागायची, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये ठरवलं आहे. उगाच महिना वाया घालवू नका.

पैशांची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि तिथे तिच्या उत्पन्नाची अट नाही. नकला मिळवून देणंही त्या मदतीत येतं. बीडला जिल्हा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. फोन करायचा तर 15100. शिवाय महाराष्ट्र सरकारने 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत बायकांनी दाखल केलेल्या दाव्या-अर्जांवरची कोर्ट फी माफ केली आहे. दावा लावतानाच कुणी हजारो रुपयांची ‘कोर्ट फी’ मागितली तर हे सांगा.

एकतर्फी निकाल

आता आपल्या जिल्ह्याचं खास दुखणं. दसरा-दिवाळी झाली की कोयता बाहेर पडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, फड पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात. भांडण झालेली बाई माहेरच्या माणसांबरोबर टोळीत जाते. इकडे नवरा घटस्फोटाचा अर्ज लावतो. समन्स तिच्या बंद घरावर जातं. कधी दारावर चिकटवतात, कधी कुणी ‘घ्यायला नकार दिला’ असा शेरा मारून परत पाठवतं. ती चैत्रात परत येते तोवर तारखा होऊन गेलेल्या असतात आणि पुढे एकतर्फी निकाल लागतो. तिला कळतं ते नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची हळद लागते तेव्हा.

अशा बाईसाठी नक्कल म्हणजे औषधच. आणि ते वेळेवर मिळालं पाहिजे. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी अर्जाची मुदत 30 दिवस आहे. समन्स नीट बजावलंच नसेल तर ते 30 दिवस तिला निकाल कळल्यापासून मोजतात. अपिलाची मुदत 90 दिवस. 2003 पूर्वी ती 30 दिवसच होती. नक्कल मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो, पण त्यासाठी अर्ज मुदतीत टाकलेला पाहिजे. म्हणून कळलं त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. नक्कल हातात आली की तिच्यावरच्या तारखा तपासा. अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी हातात दिली, याच्या नोंदी त्यावर असतात. पुढच्या वकिलाला सगळ्यात आधी त्याच लागतात.

समन्स कसं बजावलं तेही बघायचं असतं. म्हणून नुसता निकाल मागू नका, समन्सच्या बजावणीच्या अहवालाचीही नक्कल मागा. ‘नकार दिला’ लिहिलेल्या तारखेला ती बाई फडावर होती हे मुकादमाच्या वहीवरून, कारखान्याच्या चिठ्ठीवरून दाखवता येतं. म्हणून ते कागदही जपायला शिकवा.

काय मागायचं, काय दाखवायचं

नक्कल मागताना दोन गोष्टी वेगळ्या मागा: हुकूमनामा वेगळा, न्यायनिर्णय वेगळा. न्यायनिर्णयात सगळी कहाणी असते. नवऱ्याने चारित्र्यावर केलेले आरोप, मूल न होण्याच्या गोष्टी, दवाखान्याचे कागद, सगळं त्यात येतं. अंगणवाडीत, तलाठ्याकडे, शाळेत ते वाचायला द्यायचं काय कारण? तिथे हुकूमनाम्याची झेरॉक्स पुरते. त्यात नावं, तारीख आणि कोर्टाने काय ठरवलं एवढंच असतं. न्यायनिर्णय घरात ठेवा, अपिलाला आणि पोटगीला लागतो. मूळ नक्कल कुणालाही ठेवून घेऊ देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या.

आणि नक्कल घेतल्यावर वाचा. ज्या बहिणीला वाचता येत नाही, तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. पोटगी लिहिली आहे का? मुलांचा ताबा कुणाकडे? स्त्रीधन परत करायचं म्हटलंय का? संमतीच्या घटस्फोटात ‘पोटगीचा हक्क सोडला’ असं वाक्य तिला न सांगता घातलेलं आम्ही पाहिलं आहे. घटस्फोट झाला म्हणजे पोटगी संपली, हेही खरं नाही. दुसरं लग्न न केलेली घटस्फोटित बाई आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, म्हणजे पूर्वीच्या 125 खाली, अर्ज करू शकते. पोटगी मिळत नसेल तर संजय गांधी निराधार योजनेलाही हाच कागद लागतो.

शेवटी एक काम सांगते. प्रत्येकीने आपल्या गावातल्या कोर्टात गेलेल्या बायांची यादी करा आणि एकच विचारा: ‘तुझ्या हुकूमनाम्याची नक्कल तुझ्याकडे आहे का?’ नसेल तर तिचा नंबर शोधा, अर्ज लिहा आणि पहिल्या खेपेला तिच्याबरोबर जा. दुसऱ्या खेपेला तिला एकटीला जाऊ द्या. तिसऱ्या खेपेला ती शेजारणीला घेऊन जाईल.

त्या धारूरच्या बहिणीला नक्कल मिळाली. तिने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत, मुलीच्या जन्मदाखल्याशेजारी ठेवली आहे. परवा तिच्याच वस्तीतली एक बाई माझ्याकडे आली. मी विचारलं, ‘नंबर आहे का?’ तर तिने पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. नंबर, वर्ष, तारीख, सगळं लिहिलेलं. म्हणाली, ‘तिनं सांगितलं होतं, नंबराशिवाय ताईकडं जाऊ नको.’