पाळकाची मिळकत



चर्चच्या पाळकाला मंडळीने पोसावे, हे प्रेषित पौलाने मान्य केले. स्वतः मात्र तो तंबू शिवून पोट भरत असे. तेव्हा पाळकाने उपाशी राहावे, असे मी म्हणणार नाही. गरज भागल्यावर उरते त्याचे काय करायचे, एवढेच मला विचारायचे आहे.

मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशेब मांडला आहे. तो त्यांचा स्वतःचाच, असे मानले जाते. पहिल्या वर्षी मिळकत 30 पौंड. 28 खर्च, 2 दान. पुढे मिळकत 60 झाली, 90 झाली, 120 झाली. खर्च 28 वरून हलला नाही. चौथ्या वर्षी गरिबांना 92 पौंड गेले. 1776 मध्ये सरकारने वेस्लींकडे चांदीच्या भांड्यांवरील कराची विचारणा केली. आपल्याकडे चांदीचे चार चमचे आहेत, दोन लंडनला आणि दोन ब्रिस्टलला, असे त्यांनी कळवले. भोवतालच्यांना भाकरी नसताना आणखी घेणार नाही, असेही बजावले. मिळवा, वाचवा आणि द्या, ही त्यांची शिकवण. अनुयायांनी पहिली गोष्ट झटकन उचलली, तिसरी टाळली. ही खंत त्यांनी उतारवयात उघड बोलून दाखवली.

आता आजच्या अमेरिकेकडे या. पाळक रिक वॉरेन यांच्या 2002 मध्ये आलेल्या पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. त्यांनी पगार घेणे थांबवले, पंचवीस वर्षांचा घेतलेला पगार चर्चला परत केला आणि मिळकतीतले नव्वद टक्के देऊन दहा टक्क्यांत राहू लागले. उलट 2018 मध्ये लुइझियानाचे जेसी डुप्लँटिस यांनी 5 कोटी 40 लाख डॉलरच्या खासगी जेटसाठी भक्तांपुढे हात पसरला. श्रद्धेचे फळ म्हणजे संपत्ती, असे शिकवणाऱ्या परंपरेतले हे उपदेशक. तिथे पाळकाचा थाट हाच त्याच्या उपदेशाचा पुरावा ठरतो. साधेपणाने राहिला तर शिकवणच लटकी ठरते!

कोणी म्हणेल, कोट्यधीशाचे दहा टक्के म्हणजेही चंगळ. आक्षेप रास्त आहे. येशूने विधवेच्या दोन नाण्यांचे मोल धनिकांच्या देणगीहून अधिक मानले, कारण तिने मागे काही ठेवले नाही. म्हणून मापायचे ते ठेवलेल्या रकमेवरून. वेस्लींचे मोठेपण 92 पौंडांत नाही. न हललेल्या 28 मध्ये आहे.

किती ठेवायचे, हे केवळ पाळकाच्या विवेकावर सोडता येत नाही. इतर धर्मादाय संस्थांना द्यावे लागते तसे वार्षिक विवरण अमेरिकेतील चर्चने करखात्याला देण्याची सक्ती नाही. सिनेटर ग्रासली यांनी 2007 मध्ये सहा दूरचित्रवाणी धर्मसंस्थांची चौकशी आरंभली. काहींनी माहिती दिलीच नाही, आणि 2011 मध्ये चौकशी कोणालाही दंड न होता संपली.

तेव्हा पाळकाच्या खर्चाची मर्यादा मंडळीने आधी ठरवावी, वही सर्वांसमोर उघडावी आणि उरलेले गरिबांकडे जाऊ द्यावे. मिळकतीचा दशांश चर्चला देणाऱ्यांनो, हिशेब मागणे हा श्रद्धेचा अपमान नव्हे. तो मागा.