पाहिल्याशिवाय सही नको

आज फार्मसीची पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं थोडं अधिकच. आता मला जे बोलायचंय ते बोलतो.

माझी नोकरी औषधांच्या गुणवत्ता तपासणीत, म्हणजे क्यूसीत गेली आणि तिचा मोठा भाग इथेच, पाताळगंगेच्या काठावर. दांड फाट्यावरून कंपनीची बस आत वळली की वारा कुठून येतोय त्यावर आज एचओसीत काय चाललंय याचा अंदाज बांधायचो. एचओसी, म्हणजे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, ही सरकारी कंपनी 1960 साली स्थापन झाली, ती औषधं आणि रंग यांना लागणारी मूळ रसायनं देशातच तयार व्हावीत म्हणून. नायट्रोबेन्झीन, अ‍ॅनिलिन ही नावं शेजारच्या मोहोपाड्याच्या पोराला पुस्तकाआधी नाकाने कळायची. गोळीच्या मागे केवढी मोठी साखळी असते, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नसे.

2017 मध्ये सरकारने इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. अग्निबाणाला लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा प्लांट तेवढा इस्रोकडे गेला. तेव्हा कंपनीच्या जमिनीवर चर्चा झाली, थकलेल्या पगारांवर झाली. शिकाऊ उमेदवारांना घडवणारी एक जागा गेली, यावर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आलेली मुलं आमच्या काळी व्हॉल्व्ह उघडायला, सॅम्पल काढायला, चुकलं तर फोरमनचा ओरडा खायला शिकत. पुढे कुठेही गेली तरी कामाला घाबरत नसत.

आता असं कामावर शिकण्याला इंटर्नशिप म्हणतात. बी.फार्मच्या अभ्यासक्रमात सहाव्या सत्रानंतर चार आठवड्यांत किमान 150 तास सांगितलेत. डी.फार्मला 500 तास. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही मला सांगण्याची गरज नाही, मी ते दाराच्या आतल्या बाजूने पाहिलंय. मुलांना पहिल्या दिवशी सेफ्टीचा व्हिडिओ दाखवतात, दुसऱ्या दिवशी फायलींच्या खोलीत बसवतात आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र देतात. काहींना तर एकही दिवस न जाता प्रमाणपत्र मिळतं. ही फसवणूक आहे, आणि ती कंपनी, कॉलेज आणि पालक असे तिघं मिळून करतात. या व्यासपीठावरून हे बोलणं काहींना आवडणार नाही, पण मी बोलणार.

एका कंपनीत, नाव सांगत नाही, कर्जतकडची एक मुलगी इंटर्न म्हणून आली होती. तिला तापमानाच्या नोंदवहीची पानं क्रमाने लावायला बसवलं होतं. सकाळी अकराच्या सुमारास ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, संध्याकाळी सहाचं रीडिंग आत्ताच लिहिलेलं आहे." मी पान पाहिलं. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. सगळे आकडे एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका ओळीत. मी ते पान वर नेलं. बॅच अडवली, चौकशी झाली. पुढल्या वर्षी त्या कंपनीने तिच्या कॉलेजची मुलंच घेतली नाहीत. बक्षीस द्यायच्या जागी कॉलेजला शिक्षा! तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

एका आकड्याने काय होतं, असं विचारणारे मला आयुष्यभर भेटले. त्यांना मी जे. जे. रुग्णालयाची आठवण करून देतो. 1986च्या सुरुवातीला तिथे मेंदूतला आणि डोळ्यातला दाब उतरवायला ग्लिसरॉल दिलं गेलं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, खरेदीपासून तपासणीपर्यंत प्रत्येक टेबलाची लक्तरं बाहेर आली. आम्ही क्यूसीवाले त्या बातम्या वाचून सुन्न झालो होतो, कारण आम्हाला ठाऊक होतं की दोन्ही द्रव बिनरंगाचे, दोन्ही गोडसर. डोळ्याला फरक कळत नाही. ड्रम उघडायचा, त्याच ड्रमचं सॅम्पल घ्यायचं, गॅस क्रोमॅटोग्राफीवर लावायचं, हा खात्रीचा मार्ग. दहा ड्रम आले तर दहाही. एकाचं सॅम्पल घेऊन दहांवर सही करायची, तिथूनच मरण सुरू होतं.

आणि हे जुनं झालं म्हणावं, तर 2025 मध्ये छिंदवाड्याची लहान मुलं खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आणावी लागली. तेच डायएथिलीन ग्लायकॉल. जवळपास चाळीस वर्षं मध्ये गेली!

तुमच्यातले काहीजण लसींकडे, जैविक औषधांकडे जातील. तिथे तर जबाबदारी आणखी वाढते. साध्या गोळीचं शेवटी पृथक्करण करून बरंच काही कळतं. जिवंत पेशींमधून निघणाऱ्या प्रथिनाचं तसं नाही. पेशी कोणत्या तापमानात वाढल्या, पीएच कधी घसरला, कुपी किती वेळ थंडाव्याबाहेर राहिली, हे शेवटच्या चाचणीत पूर्ण उमटेलच असं नाही. ते फक्त बॅच रेकॉर्डमध्ये असतं. म्हणजे नोंद खोटी असेल, तर औषधाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही.

म्हणून एकच मागणं मागतो, आणि हात जोडून मागतो. जे तुम्ही पाहिलं नाही, त्यावर सही करू नका. शिफ्ट संपत आली असेल, बाहेर बस हॉर्न देत असेल, वरिष्ठ म्हणत असतील की "अरे, कर की, रोजचंच आहे." तरी करू नका. नोकरी गेली तर जाईल. पाताळगंगेत, तळोज्यात, महाडात दुसरी मिळेल. मला मिळाली.

पुढच्या रांगेत कारखान्यांचे अधिकारी बसलेत, त्यांनाही सांगतो. या मुलांना फायलींच्या खोलीतून बाहेर काढा. आणि पदवीधरांनो, चारपाच वर्षांनी तुमच्या टेबलाशी एखादी बावरलेली इंटर्न येऊन उभी राहील. तिच्या हातात ब्युरेट द्या, रीडिंग तिचं तिला घेऊ द्या, आणि तिने काही चुकीचं दाखवलं तर तिच्या बाजूने उभे राहा.